मासा उकळता येत नाही

बनारसच्या टाचा वेगळ्याच असतात. दगडी पायऱ्या, देवळांतून अनवाणी फिरणं, पूर ओसरल्यावर घाटांवर साचणारी माती आणि बारा महिने पायात रबरी चप्पल, एवढं सगळं सोसून टाचेची अशी काही अवस्था होते की नव्या गिऱ्हाइकाचा पाय मी मांडीवर घेतला की माझी मदतनीस सुनैना शेजारून विचारते, "दीदी, घिसनी दूँ कि छेनी?"

मंगला गौरीच्या गल्लीत माझं पार्लर आहे. केस, चेहरा, नखं आणि पाय. बावीस वर्षं झाली. आमचं मराठी घर काशीत किती पिढ्या आहे ते आता कुणी मोजत नाही. घरात मराठी बोलायचं, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि रागावल्यावर जी आधी आठवेल ती. सासरे पूजा सांगत. सून परक्यांचे पाय धुते म्हणून कुणी खोचकपणे विचारलं तर म्हणायचे, "लोक माझे पाय धुतात, ती लोकांचे धुते. घरात फिट्टंफाट."

मासे आणायची कल्पना माझीच, त्यामुळे दोष कुणावर ढकलायची सोय नाही. लखनौच्या एका मॉलमध्ये मी ते पाहिले. काचेची लांब टाकी, वर बसायला गादी, पाण्यात पाय सोडले की बोटाच्या पेराएवढे करडे मासे झुंडीने येतात आणि मेलेली कातडी टोचून टोचून खातात. वीस मिनिटांत टाच मऊ. मी तिथे बसून पाहिलं आणि मनात म्हटलं, कातडीच खायची असेल तर बनारसला या, तिथे पंगत आहे.

टाकी आली, दोघी शेजारी बसू शकतील अशी. गल्लीत बातमी पसरायला अर्धा दिवस लागला. पहिल्या दिवशी एक बंगाली गृहस्थ दारातूनच भाव विचारून गेले, किलोचा. दुसऱ्या दिवशी शेजारचे एक वृद्ध शास्त्री आले आणि त्यांनी खुर्चीत बसून गंभीरपणे प्रश्न घातला, "माशाने ब्राह्मणाची कातडी खाल्ली, तर दोष माशाला की ब्राह्मणाला?" मी म्हटलं, "शास्त्रीबुवा, आधी पाय साबणाने धुवा, मग बोलू." ते पाय धुऊन बसले आणि पुढची वीस मिनिटं लहान मुलासारखे खिदळत होते. निर्णय राहूनच गेला.

गुदगुल्या सगळ्यांना होतात. हे नीट लक्षात ठेवा. पोलिसातली बाई असो की पैलवानाची बायको, पहिला मासा चिकटला की किंचाळते, पाय वर ओढते, पाणी उडवते, सुनैनाला भिजवते. सुनैना पहिल्या आठवड्यात तीनदा साडी बदलून आली, चौथ्या दिवसापासून प्लास्टिकचा एप्रन बांधून बसू लागली.

आता धंद्यातली खरी गोष्ट सांगते. आमच्यात स्वच्छतेचा नियम एकच. जे एका गिऱ्हाइकाला लागलं ते दुसऱ्याला लावण्याआधी एक तर उकळायचं, नाही तर औषधात बुडवायचं, नाही तर फेकायचं. टॉवेल उकळायचे, नेलकटर आणि चिमटे औषधात ठेवायचे, लाकडी घासणी फेकायची. मासा यातल्या कशातच बसत नाही. उकळला तर कालवण होतं. औषधात बुडवला तर मरतो. आणि दर गिऱ्हाइकामागे फेकायला तो काही कापसाचा बोळा नव्हे. टाकीच्या पाण्यात साबण चालत नाही, जंतुनाशक चालत नाही, नळाचं ताजं पाणीसुद्धा चालत नाही, कारण त्यातल्या औषधाने मासे उलटे तरंगायला लागतात. मी पाणी ड्रममध्ये दिवसभर मुरवून मग टाकीत घालायची. गाळणी लावली होती, जंतू मारणारा निळा दिवा लावला होता. पण सकाळी पहिलीने पाय घातले की संध्याकाळच्या शेवटचीपर्यंत मासे तेच आणि पाणीही बहुतेक तेच. शिवाय जो खातो तो बाकीचंही करतो, आणि तेही तिथेच. जाहिरातीत हे कुणी लिहीत नाही. मीही लिहिलं नव्हतं.

म्हणून मी नियम केले होते. आधी दोन्ही पाय साबणाने धुवायचे. मग मी दिव्याखाली प्रत्येक पाय स्वतः बघणार. ओली चीर, फोड, नखात बुरशी, त्याच दिवशी वॅक्सिंग, यातलं काही असेल तर पाय पाण्यात नाही. आणि साखरेचा आजार असेल तर अजिबातच नाही, कारण अशा पायाची जखम भरत नाही. एका नवऱ्या मुलीला लग्नाच्या आदल्या दिवशी मी बुरशीसाठी परत पाठवलं, तर तिची आई म्हणाली, "वरात माझ्या मुलीची नखं बघणार आहे का?" मी म्हटलं, "माझे मासे बघणार आहेत."

नियम माझे होते, पण गाव बनारस. इथे माशाला पिठाच्या गोळ्या घालणं हे पुण्य. घाटावर जाणाऱ्या निम्म्या बायकांच्या पिशवीत गोळ्यांची पुडी असतेच. एकदा एक बाई पाय सोडून बसल्या आणि मी पाठ वळवताच त्यांनी पुडी सोडली. मासे पोटभर जेवले आणि कोपऱ्यात जाऊन स्वस्थ राहिले. त्यांना उपाशी ठेवलं तरच ते कातडी खातात. पाच मिनिटांनी बाई रागावून विचारतात, "इनकी आज छुट्टी है क्या?" सुनैना म्हणाली, "आपने ही तो पेंशन दे दी, माताजी."

एकदा मासेवाल्याने दुसरीच जात गळ्यात मारली. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात, पण एकाला दात नसतात आणि दुसऱ्याला मोठेपणी येतात. हे मला तेव्हा कळलं जेव्हा डाळीच्या व्यापाऱ्याची सून बाकावरून उभीच राहिली, "अरे दीदी, ई त काट लेहलस!" अंगठ्यावर रक्ताचा ठिपका होता. मी तिचा पाय धुतला, पट्टी लावली आणि त्या दिवशी सगळे मासे पिंपात भरून परत पाठवले. टाकी तीन आठवडे रिकामी ठेवली. या प्रसंगाचा मला अभिमान होता. वाटायचं, माझ्यासारखी काळजी कोण घेतं? तेव्हाच जरा सावध व्हायला हवं होतं.

मालतीकाकू आमच्याच आळीतल्या. मुलींच्या शाळेत गाणं शिकवून निवृत्त झालेल्या, सडसडीत, जरीकाठी नऊवारीच्या, कमालीच्या सोवळ्या. माझ्याकडे चहा घेत नसत, पाणी घेत नसत. स्वतःचा तांब्याचा गडू घेऊन येत. पण टाकीत पाय घालायला त्यांची ना नव्हती.

"काकू, माझा कप विटाळलेला आणि हे पाणी चालतं?"

"अगं विभा, कप तोंडाला लागतो. पाय काय, पायच आहेत."

पुढे कळलं की त्यांचा बंदोबस्त वेगळाच होता. पाय सोडायच्या आधी त्या गडूतलं गंगाजल गुपचूप टाकीत ओतत. मासे सुस्तावायला लागले, दोन मेले, मला कारण सापडेना. शेवटी सुनैनाने त्यांना रंगेहाथ पकडलं.

मी म्हटलं, "काकू, असं वरचं पाणी घालू नका, मासे मरतात."

"गंगेत मासे राहतात की नाही?"

"राहतात."

"मग गंगेच्या पाण्यात जगतात आणि तुझ्या टाकीत येऊन मरतात. खोट कुणाच्या पाण्यात आहे?"

सुनैना टॉवेलात तोंड खुपसून हसत होती. गडू मात्र मी दारात ठेवून घ्यायला लागले.

काकू येत होत्या त्या पंचक्रोशीसाठी. बाहेरच्यांसाठी सांगते. काशीभोवतीची ही परिक्रमा पाच दिवसांची, पाच मुक्कामांची आणि अनवाणी करायची. अधिक महिन्यात तिला विशेष गर्दी. काकूंची ती कधीच झाली नव्हती. एका अधिक महिन्यात मुलीचं बाळंतपण, एकात काकांचं आजारपण, एकात त्यांचंच डोळ्याचं ऑपरेशन. "तीन अधिक हुकलेत माझे," त्या सांगायच्या. "या वेळी बायकांचा जथा तय झालाय. टाचेच्या चिरा तेवढ्या बुजव, म्हणजे रस्त्यात रक्त नको. पुढच्या अधिकाला मी चालण्याजोगी असेन की नाही कुणास ठाऊक."

मी विचारलं होतं, "साखर नाही ना?"

"मला कसली गं साखर. सगळं खाते मी."

पाय पाहिले तर चिरा कोरड्या, वरवरच्या. घेतलं.

आणि काकू टाकीत काय बसायच्या! पन्नास मासे पावलांना लगडलेत आणि ही बाई मान ताठ ठेवून भूप गुणगुणते आहे. ना दचकणं, ना हसणं. शेजारची बाई किंचाळली की मी तिला म्हणायची, "बघा, आमच्या काकूंसारखं बसा. याला म्हणतात साधना." काकू संकोचून म्हणायच्या, "मला काही होतच नाही गं." मी त्यांना मुद्दाम रस्त्याकडच्या बाजूला बसवायला लागले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून. गुदगुल्या सगळ्यांना होतात हे रोज बघणारी मी, जिला होत नाहीत तिची आरती करत होते.

जथा निघायला आठ दिवस होते. काकू सहाव्यांदा आल्या. तो दिवस गर्दीचा होता. त्यांच्या आधी सातजणी होऊन गेल्या होत्या. मी पाय बघितले, पण वरून. तळवा उलटा करून बघितला नाही. काकूच तर होत्या, गेल्याच आठवड्यात पाहिला होता. नियम माझे आणि ते मोडणारीही मीच.

दहा मिनिटांनी सुनैना म्हणाली, "दीदी, सब मछली एक्के जगह काहे हैं?"

सगळे मासे उजव्या पावलाच्या खाली गेले होते. इतर ठिकाणी एकही नाही. मग पाण्यात लाल दोऱ्यासारखं काहीतरी तरंगताना दिसलं. मी खाली बसून काकूंचं पाऊल बाहेर काढलं आणि उलटं केलं. टाचेच्या पुढे, तळव्याच्या खोलगट भागात, हिरव्या काचेच्या बांगडीचा तुकडा रुतलेला होता. चांगला अर्ध्या नखाएवढा. भोवतीची कातडी पांढरी पडून फुगली होती. तो तिथे दोन-तीन दिवस तरी असणार.

"काकू, हे कधी लागलं?"

"काय लागलं?"

मी तुकडा चिमट्याने धरला. जरा हलवला. त्या माझ्याकडे बघत होत्या, पुढचा प्रश्न काय येतो याची वाट बघत. चेहऱ्यावर काही नाही.

बावीस वर्षं पाय हातात घेतलेली बाई मी, आणि जी गोष्ट काकू टाकीत बसल्याच्या पहिल्या दिवसापासून समोर होती ती मला त्या क्षणी कळली. पाय बधिर होते, आणि साखरेने पाय असेच बधिर होतात.

"काकू, खरं सांगा. साखर आहे ना?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "चार वर्षं झाली. गोळ्या घेते, आठवेल तेव्हा. अर्चनाला बोलू नकोस. घरात कळलं तर पंचक्रोशी गेली माझी." अर्चना त्यांची सून.

"तुम्ही मला खोटं सांगितलंत."

"तू तरी कुठे सांगितलंस, की माझ्याआधी सातजणींनी यात पाय धुतलेत?"

सोवळ्या बाईने मोजून ठेवलं होतं.

काच मी काढली नाही. डॉक्टरच्या हातूनच निघायला हवी होती. पाऊल पुसलं, स्वच्छ कापड गुंडाळलं. काकू म्हणत होत्या, "पट्टी बांध आणि सोड. आठ दिवसांत भरेल. विभा, मी तुला कधी काही मागितलं नाही." ते खरं होतं. आणि गप्प राहण्यात माझंही भलं होतं, कारण अर्चनाला सांगायचं म्हणजे टाकीचंही सांगायचं, आणि मंगला गौरीत सांगितलेली गोष्ट रात्रीच्या आत बालाजी घाटावर पोचते. पण असं पाऊल घेऊन ही बाई पाच दिवस अनवाणी चालली असती आणि तिला काहीच जाणवलं नसतं, हे मला दिसत होतं. मी अर्चनाला फोन केला. काकूंच्या समोर, त्यांना ऐकू जाईल असा.

"बदमाश आहेस," काकू म्हणाल्या. गाण्याच्या बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदाच असा शब्द ऐकला.

डॉक्टरांनी काच काढली, जखम उघडून धुतली. मला विचारलं, "पाण्यात किती वेळ होत्या?" सांगितलं. "आधी किती जणांचे पाय?" सांगितलं. "पाणी कधी बदललं होतं?" तेही सांगितलं. एवढी सरळ उत्तरं मी आयुष्यात दिली नव्हती. ते म्हणाले, "टाकीमुळे पिकलं असं मी म्हणत नाही. टाकीमुळे पिकलं नाही असंही म्हणत नाही." मग त्यांनी एक जाड नायलॉनचा दोरा घेतला, काकूंना डोळे मिटायला लावले आणि तळव्यावर ठिकठिकाणी तो टेकवून विचारलं, "कुठे लागलं?" दोन्ही पावलांवर मिळून काकूंना दोनच जागा सांगता आल्या. डॉक्टर मला बाजूला म्हणाले, "आणखी चार दिवस गेले असते तर पाऊल वाचवायची भाषा करावी लागली असती."

जथा निघाला तेव्हा काकू इस्पितळात होत्या. चौथा अधिकही हुकला.

टाकी मी त्याच आठवड्यात बंद केली. कुणी सांगितलं म्हणून नाही. कितीही दिवे लावले तरी मासा उकळता येत नाही, आणि प्रत्येक बाई खरं सांगेल आणि मी प्रत्येक तळवा उलटा करून बघेन अशा दोन भरवशांवर ती टाकी उभी होती. दोन्ही एकाच दिवशी कोसळले. गल्लीतले लोक म्हणाले, मासे गंगेत सोड, पुण्य लागेल. मी म्हटलं, परमुलखातले मासे नदीत सोडून तिथल्या माशांच्या पोटावर पाय आणायचं पुण्य मला नको. दुकानदाराला परत दिले. टाकीच्या जागी आता नखं रंगवायचं टेबल आहे. सुनैनाला एप्रनची आठवण येते.

अर्चना माझ्याशी दोन महिने बोलली नाही. काकू पाच महिने बोलल्या नाहीत. जखम भरायला तितकाच वेळ लागला.

मी मात्र तो नायलॉनचा दोरा आणून ठेवला. आता पायाचं काम करायच्या आधी चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक बाईला मी डोळे मिटायला लावते. लोक कुरकुरतात. "पैर साफ कराने आए हैं कि इम्तहान देने?" पण या दोऱ्याने आत्तापर्यंत तिघींना डॉक्टरकडे पाठवलंय. त्यातल्या दोघींना आपल्याला साखर आहे हेच माहीत नव्हतं. तिसरीला माहीत होतं, तिने नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

शिवरात्रीच्या पंधरा दिवस आधी काकू दारात उभ्या राहिल्या. बरोबर अर्चना. शिवरात्रीलाही पंचक्रोशी करतात, आणि काकूंचं जायचं ठरत होतं, एका अटीवर. डॉक्टरांनी चालायला हो म्हटलं होतं, पण मऊ बंद जोडे घालून. काकूंना अनवाणीच जायचं होतं. चामडं नसलेले कापडी जोडे मिळतात, मी स्वतः माप घेऊन शिवून आणीन, असं मी अर्चनाकडून निरोप पाठवून सांगितलं होतं. त्यावर काकूंचा उलट निरोप आला होता, "माझी परीक्षा घे. उत्तीर्ण झाले तर जोडे नाहीत. तू म्हणशील ते अर्चना ऐकेल."

त्या खुर्चीत बसल्या. गडू बरोबर होताच. पाच महिन्यांनी पहिलं वाक्य बोलल्या, "जाड झालीस."

मी त्यांचे पाय मांडीवर घेतले. उजव्या तळव्यावर जखमेची गुलाबी खूण होती. टाचा मऊ होत्या, अर्चना रोज तेल लावत होती आणि तळवे उलटे करून बघत होती.

"डोळे मिटा, काकू. दोरा टेकला की जागा सांगायची."

त्यांनी डोळे मिटले. पाठ ताठ, हात मांडीवर, अगदी टाकीवर बसायच्या तशा. मी दोरा शोधायला खणाकडे वळले होते.

"डावी टाच," काकू म्हणाल्या.

"काकू, मी अजून हात लावलेला नाही."

"मग लाव की. बसलेय ना मी."

अर्चनाने तोंडाला पदर लावला. हसू होतं की काय, मी बघितलं नाही. मी दोरा घेतला आणि डाव्या टाचेवर टेकवला. मग बोटांच्या मुळाशी. मग उजव्या तळव्यावर, खुणेच्या जवळ, दोरा वाकेपर्यंत दाबला.

काकू डोळे मिटून, उत्तर द्यायच्या तयारीत, मी सुरुवात करायची वाट बघत होत्या.

मी दोरा खाली ठेवला, पुठ्ठा घेतला, त्यावर त्यांचं पाऊल ठेवलं आणि पेन्सिलीने भोवती रेघ ओढायला लागले. काकूंनी डोळे उघडले. खाली पाहिलं.

"अंगठ्याशी जरा ढिले ठेव," त्या म्हणाल्या. "पाच मुक्काम आहेत."